इआसोसचा दगड: ग्रीक शिलालेख वाचनाची चौथी नोंद

मंडळी, मागच्या नोंदीत स्केप्सिस या ग्रीक गावाचा लेख हातावेगळा केला. इ.स.पू. ३११ मध्ये अँटिगोनस, अलेक्झांडरचा एक सेनापती, त्या गावाला कळवतो की तह झाला आणि ग्रीकांच्या स्वातंत्र्याचं कलम त्यात घालून घेतलं. गाव त्याला वेदी, मूर्ती आणि १०० सुवर्णनाण्यांचा मुकुट देऊ करतं. तेव्हापासून एक गोष्ट मनात घोळत होती. राजाचं औदार्य आणि गावाची कृतज्ञता एवढीच ही देवघेव असेल, तर गाव ते दगडावर कोरायचा खर्च का करतं?

म्हणून गेले दोन महिने इआसोसचा एकच दगड धरून बसलो. हे कारिया प्रांतातलं, आजच्या तुर्कस्तानच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरचं शहर. लेख साधारण इ.स.पू. १९६ चा. सेल्युकिड घराण्यातला राजा तिसरा अँटिओकस, त्याची राणी लाओदिके शहराला पत्र लिहिते आणि त्याच दगडावर खाली शहराचा ठराव आहे.

पद्धत तीच. छापील संहितेवरून ओळी वहीत मोठ्या अक्षरांत, शब्द न तोडता उतरवायच्या, मग स्वतः तोडायच्या, मग मराठी करायची. दिवसाला तीन ओळी, क्वचित चार. सुरुवातीचा मायना आता डोळे मिटूनही म्हणता येतो: ‘बासिलिस्सा लाओदिके’, म्हणजे राणी लाओदिके, इआसोसच्या ‘बूले’ला आणि ‘देमोस’ला नमस्कार सांगते. बूले म्हणजे नगरमंडळ, ते जमलं. देमोसला आधी ‘प्रजा’ लिहिलं होतं, ते खोडलं. प्रजा राजाची असते. हे लोक स्वतःला शहराचे मालक समजतात. आता नुसतं ‘लोक’ लिहितो.

दुसरी अडचण ‘भाऊ’ या शब्दाची. राणी नवऱ्याचा उल्लेख भाऊ म्हणून करते. ती पोंतस राज्याच्या राजा मिथ्रिदातीसची मुलगी, अँटिओकसची बहीण नव्हे; ही सेल्युकिड दरबाराची रीत. अनुवादात ‘भाऊ’च ठेवलं आणि समासात टीप लिहिली. कानाला खटकतं, पण दगडावर तेच आहे.

आता मजकूर. शहरावर अचानक आपत्ती कोसळली होती. राणी कळवते की स्त्रूथिओन या अर्थाधिकाऱ्याला लिहिलं आहे: १० वर्षं, दर वर्षी १,००० अ‍ॅटिक मेदिम्नोस (धान्याचं माप) गहू शहराला पोहोचवावा. मी हिशेब मांडला. एक मेदिम्नोस सुमारे ५२ लिटर, म्हणजे वर्षाला साधारण ४० टन गहू. तो ठरलेल्या भावाने विकायचा आणि आलेल्या पैशातून गरीब नागरिकांच्या मुलींना हुंडा द्यायचा, प्रत्येकीला जास्तीत जास्त ३०० अँटिओकी द्राख्मा (चांदीची नाणी). या ओळी सुटल्या त्या रात्री मला झोप लागली नाही. बावीसशे वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी मुलीचं लग्न त्या वाक्यावर अडलेलं होतं.

शहराचा ठराव: राणीसाठी कुमारी पुजारीण नेमावी, तिच्या वाढदिवशी मिरवणूक काढावी, नवविवाहितांनी तिला बळी अर्पण करावा. हुंडा देणारी राणी आणि तिला पूजणारी जोडपी, दोन्ही टोकं नेमकी जुळतात. माझं मत आता पक्कं झालंय. गहू १० वर्षांत येणार होता, आभार मात्र लगेच कोरले गेले. पत्र आणि आभार एकाच दगडावर, चारचौघांत उभे केले की शब्द फिरवणं राजघराण्याला जड जातं. शहराकडे सैन्य नव्हतं, दगड होता.

तो पुरला का? इ.स.पू. १९० मध्ये, रोमशी युद्ध चालू असताना, याच ‘स्वतंत्र’ शहरात अँटिओकसची शिबंदी होती आणि रोमनांनी शिवारं उजाड केली. इ.स.पू. १८८ च्या, रोमशी झालेल्या अपामेआच्या तहाने अँटिओकसला टॉरस पर्वताच्या पलीकडे जावं लागलं. १० वर्षं तोवर भरली नव्हती.

वाचताना सारखी नाशिकची पांडवलेणी आठवत होती. लेणं क्र. ३ मध्ये गौतमीपुत्र सातकर्णी १८ व्या वर्षी गोवर्धनच्या अमात्य विष्णुपालिताला आज्ञा देतो: भिक्षूंना २०० निवर्तनं (जमिनीचं जुनं माप) शेत द्यावं. मग २४ व्या वर्षी त्याच्या आणि राजमातेच्या नावाने अमात्य श्यामकाला दुसरी आज्ञा: ते शेत कसलं जात नाही, गाव ओस आहे, म्हणून शहराच्या शिवेवरच्या राजाच्या जमिनीतून १०० निवर्तनं द्यावीत. तिथे भिक्षूंचं नाव पत्राच्या मायन्यात येत नाही, अमात्याचं येतं. लाओदिके मात्र अधिकाऱ्याला वेगळं लिहिते आणि शहराशी थेट बोलते.

पुढच्या दोन महिन्यांत हे दोन्ही लेख वहीत समोरासमोरच्या पानांवर उतरवणार आहे, डावीकडे ग्रीक, उजवीकडे ब्राह्मी. नाशिकच्या लेखाचा स्वच्छ ठसा कोणाकडे असेल तर कळवा, मला २४ व्या वर्षाच्या ओळी अक्षर न् अक्षर तपासायच्या आहेत.