चोवीस अंशांची तिरकस रांग

शनिवार, रात्री साडेदहा. योग्याकार्ता, इंडोनेशियातल्या जावा बेटावरचं शहर.

कौमान वस्तीच्या बोळात शिरायचं तर मोटारसायकल बंद करून ढकलत न्यायची, असा नियम आहे. ऑफिसमधला मित्र न बोलता उतरला, मग मीही उतरलो. बोळ आपल्या कसबा पेठेतल्यासारखा, समोरून माणूस आला की अंग चोरायचं. हॉर्न मात्र एकही नाही.

इथेच मुहम्मदिया या मुस्लिम संघटनेचे संस्थापक अहमद दाहलान राहायचे. जन्म 1868चा, मक्केत शिकून आलेले, सुलतानाच्या मोठ्या मशिदीत खतीब, म्हणजे शुक्रवारचं प्रवचन देणारे. त्यांचं पहिलं भांडण दिशेवरून झालं. जावातली माणसं सरळ पश्चिमेला तोंड करून नमाज पढत होती. नकाशाप्रमाणे मक्का त्याहून उत्तरेला, सुमारे 24 अंश. मोठ्या मशिदीत रात्री कुणीतरी फरशीवर तिरक्या रेघा ओढल्या. त्या पुसल्या गेल्या. मग दाहलाननी स्वतःची लांगार, म्हणजे घरची छोटी नमाजाची जागा, योग्य दिशेला बांधून घेतली. पंघुलूने, म्हणजे इथल्या मुख्य धर्माधिकाऱ्याने, ती पाडायला लावली. दाहलान गाव सोडून निघाले होते म्हणतात, घरच्यांनी थोपवलं. पुन्हा बांधलेली लांगार आज पाहिली. जिना अरुंद, मी डोकं आपटून घेतलं.

मला खरं अडकवलं ते बाकाने. 1911मध्ये त्यांनी घरातच शाळा काढली: टेबल, बाक, फळा, कुराण आणि गणित एकाच वेळापत्रकात. शेजारी म्हणाले, हे तर डचांचं, काफिरांचं सामान. एका लाकडी बाकाने धर्म बुडतो, हे ऐकून हसू येत नाही. सावित्रीबाईंवर शेण कशासाठी फेकलं होतं ते आपल्याला ठाऊक आहे. पुढच्याच वर्षी मुहम्मदिया संघटना उभी राहिली, 1917मध्ये बायकांची आयशिया. आज त्यांची दीडशेहून जास्त विद्यापीठं-महाविद्यालयं आहेत, शाळा-दवाखाने वेगळे.

मित्राने अल-माऊनची, म्हणजे कुराणातल्या एका छोट्या सूरेची (अध्यायाची) गोष्ट सांगितली. दाहलान रोज तीच सूरा शिकवत. पोरं कंटाळली, आम्हाला पाठ झाली म्हणाली. यांनी विचारलं, अनाथाला हाकलू नका, भुकेल्याला जेवू घाला असं त्यात आहे, केलंत का? मग जा, गरीब शोधून आणा.

आणि त्याच संघटनेने 2024मध्ये सरकारने देऊ केलेली कोळशाची खाण स्वीकारली. मी हे बोललो तेव्हा मित्र गप्प झाला. मग म्हणाला, "रुग्णालयं चालवायला पैसा लागतो." असेल. मला पटलं नाही.

त्याचं घरही मजेशीर आहे. वडील मुहम्मदियाचे, आई नहदलतुल उलमा या इथल्या दुसऱ्या मोठ्या मुस्लिम संघटनेच्या घरातली. वडिलांची ईद गणिताने आधीच ठरते, आईची आकाशात चंद्र दिसल्यावर. 2023मध्ये वडिलांची 21 एप्रिलला झाली, आईची 22ला. आईचा शेवटचा रोजा होता आणि तिनेच पहाटे उठून वडिलांचा ईदचा स्वयंपाक केला. यावर वडील काय म्हणाले, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

निघताना मोठ्या मशिदीत डोकावलो. इमारत 1773ची, जुन्याच दिशेची. आत नमाजाच्या रांगा आखल्या आहेत त्या मात्र भिंतींना तिरक्या. माणसं त्या रेघांवर उभी होती.