पावसात टिकेल तेच खरं: शाळेच्या तयारीचे आमचे पंधरा दिवस

पहिली चूक बांबूची झाली. मे महिन्याच्या मध्यावर परसातल्या बेटातला एक बांबू नवऱ्याकडून तोडून घेतला. गाठीच्या जरा खाली करवत चालवली की गाठच बूड होते, वेगळा तळ लावावा लागत नाही. पेन्सिली ठेवायला दोन नळकांडी अर्ध्या तासात हातात आली. मुलांनी ती पॉलिश पेपरने घासली, वर निळा-पिवळा ऑइल पेंट फासला आणि खळ्यात उन्हाला ठेवली. थोरली चौथीत जाणार होती, धाकटा पहिलीत. गोव्यात सहावी ते दहावीच्या वर्गांचं वर्ष 2025 मध्ये एप्रिलमध्येच सुरू झालं, पण आमची दोघं लहान वर्गांतली, त्यामुळे जूनपर्यंत वेळच वेळ आहे असं मी धरून चालले होते.

ऊनच गेलं. त्या वर्षी मान्सून 24 मेला केरळात पोचला, नेहमीच्या तारखेच्या आठ दिवस आधी, आणि लगेच एक-दोन दिवसांत आमच्या मांद्र्यातही हजर. नळकांडी घरात आणली. बाहेरून रंग लावलेला, आत बांबू ओला. पाण्याला जायला वाट एकच उरली, ती आतून. आठवड्याभरात आत राखाडी बुरशी धरली आणि पेन्सिलींना असा वास यायला लागला की धाकटा नाक धरूनच चित्र काढायचा. शेजारचे आबा आले, नळकांड्यात डोकावले आणि म्हणाले, "पावसाच्या तोंडार कोण तोडटा गो?" बांबू तोडायचा तो थंडीत. तेव्हा त्यात पाणी कमी, पिठूळपणाही कमी, म्हणून कीड आणि बुरशी दोन्ही लांब राहतात. हे मला ठाऊक असायला हवं होतं. घराची कौलं ज्या बांबूंवर उभी आहेत ते कुणी जूनमध्ये तोडले नसणार.

मोबाईलवर पाहिलेल्या बाकीच्या कल्पनाही याच वाटेने गेल्या. पुठ्ठ्याचं वेळापत्रक लोंबकळलं, चमकी सुटून आमटीपर्यंत पोचली, दुकानातून आणलेल्या नावाच्या चिकटपट्ट्या कोपऱ्यांतून उठल्या. तेव्हा कुठे डोक्यात शिरलं की इथे आधी हवा बघायची आणि मग वस्तू ठरवायची.

बांबूची जागा करवंटीने घेतली. करवंटी भिजली तरी बिघडत नाही, आणि घरात रोज एक तरी निघतेच. आतला खोबऱ्याचा अंश चमच्याने खरवडून काढायचा, बाहेरच्या शेंड्या काचेच्या तुकड्याने तासायच्या (हे काम मोठ्यांचं), मग पॉलिश पेपर मुलांच्या हाती द्यायचा. शेवटी खोबरेल चोळलं की ती शिसवीसारखी काळी चमकते. अडचण एकच, ती उभी राहत नाही. थोरलीने नारळाच्या सोडणाचा काथ्या वळून तिला छोटी चुंबळ केली, डोक्यावर घागर घेताना करतात तशी. शार्पनर, खोडरबर, पेन्सिलींची थोटकं त्यात छान राहतात. लांब पेन्सिलींनी मात्र करवंटी कलते. त्यावर उपाय सापडला नाही. त्या आम्ही आडव्याच ठेवतो.

वह्यांच्या कव्हरांना मी प्लॅस्टिक लावलं नाही. आत दमट हवा कोंडते आणि पुठ्ठा फुगतो. जुन्या कॅलेंडरची जाड पानं घेतली, कोरी बाजू वर. वहीच्या चारी बाजूंनी दोन-दोन बोटं जास्त कापायचं, वरची आणि खालची पट्टी आधी दुमडायची, मग पुठ्ठा बाजूच्या खिशांत सरकवायचा. डिंकाचा थेंबही लागत नाही, आणि कव्हर फाटलं तर दोन मिनिटांत बदलता येतं. पहिलीतल्या मुलाचं कव्हर फाटतंच, त्यामुळे हा हिशेब आधीच केलेला बरा.

नावाच्या चिठ्ठ्यांना मात्र चिकटवणं आलंच. सासूबाईंनी खळ शिजवली. एक चमचा मैदा आधी गार पाण्यात कालवायचा, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. मग एकूण सहा चमचे पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहायचं. दुधाळ रंग जाऊन लापशी पारदर्शक व्हायला लागली की उतरवायची. पूर्वी बुरशी धरू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालत, असं त्या सांगत होत्या. तो विषारी, त्यामुळे मुलांच्या हातात असली खळ देणं शक्य नव्हतं. आम्ही लागेल तेवढीच रोज ताजी केली. उरलेली रात्री उघडी राहिली तर झुरळं सोडत नाहीत, हेही एकदा पाहून झालं.

पण आमची खरी कमाई मेणबत्तीची. पार्सलवरचा पत्ता पावसाने पुसू नये म्हणून पूर्वी त्यावर मेणबत्ती घासत, ही सासूबाईंचीच आठवण. मुलांनी त्याचा सरळ प्रयोगच मांडला. सात-आठ चिठ्ठ्या स्केच पेनने, बॉलपेनने आणि पेन्सिलीने लिहिल्या, निम्म्यांवर मेण घासलं आणि सगळ्या वळचणीला पागोळ्यांखाली धरल्या. बिनमेणाचं स्केच पेन क्षणात वाहून गेलं, कारण त्याची शाई पाण्यातलीच. बॉलपेनची शाई तेलकट, ती टिकली. पेन्सिल तर जशीच्या तशी. तिचं शिसं म्हणजे ग्रॅफाइट, ते पाण्यात विरघळत नाही. मेण लावलेल्या चिठ्ठ्यांवरून थेंब अळवाच्या पानावरून घसरावेत तसे घसरले. दोघं भिजून चिंब, पण आनंदात. नुसतं समजावून हे त्यांच्या डोक्यात शिरलं नसतं.

यात क्रम चुकला की सगळं फसतं. धाकट्याने हौसेने आधी मेण घासलं. मग त्यावर ना पेन उमटेना, ना खळ धरेना. आधी चिकटवायचं, पुरतं वाळू द्यायचं, मग लिहायचं आणि सर्वांत शेवटी मेण घासून अंगठ्याने चोळायचं. त्याने स्वतःच्या नावातलं एक अक्षर उलटं काढलं होतं. मी नवी चिठ्ठी पुढे केली, त्याने घेतली नाही. ते उलटं अक्षर मेणाखाली वर्षभर सुखरूप राहिलं.

पुस्तकातल्या खुणेसाठी कल्पना आम्हाला मोरजीत मिळाली. मोरजाईच्या देवळातली कावीची चित्रं बघायला मुलांना घेऊन गेले होते. कावीत भिंतीवर पांढरा चुना, त्यावर तांबड्या मातीचा थर, आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा. थोरली म्हणाली, हे कागदावर होईल. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठी भरून ठेवायची सुकी मिरची, कांदे, कोकमाची सोलं घेताना कुंड्यांना लावायचा गेरूही घेतला. पांढऱ्या पुठ्ठ्याच्या पट्टीवर पांढरा मेणखडू जाड घासला आणि वर पाण्यात कालवलेला गेरू लावला. वाळल्यावर तो भुकटी होऊन झडला. दुसऱ्यांदा गेरूत पातळ खळ आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब घातला. साबणामुळे तो मेणावर पसरला, खळीमुळे धरला. माडाच्या हिराने ओरखडे काढले की खालून पांढरी रेघ उमटते. थोरलीने वेलबुट्टीत मधोमध कदंबची, म्हणजे गोव्यातली सरकारी बस काढली, तिला देवळाची महिरप दिली. धाकट्याने इतका जोर लावला की पुठ्ठ्याला भोक पडलं. तिथे दोरा ओवून त्याने ती दप्तराला लटकवली.

वेळापत्रक शेवटी दाराच्या मागच्या बाजूला खडूने लिहिलं. त्यात कला वगैरे काही नाही, पण लोंबकळत नाही.

त्याच वर्षी डिसेंबरात आबांनी स्वतः येऊन बांबू निवडून दिला. चार कांडी कापली आणि रंग न लावता चुलीवरच्या माळ्यावर धुराला ठेवली. धाकटा दर रविवारी शिडी लावून ती हुंगून येतो आणि अजून वास येत नाही म्हणून सांगतो.