सायकल मार्ग काढल्याने कोंडी सुटेल का?

नाशिकमधील त्र्यंबक नाका ते अशोक स्तंभ या सुमारे १.१ किलोमीटरच्या स्मार्ट रोडवर सायकलींसाठी वेगळी मार्गिका आहे, आणि ती काढून वाहनांना जागा द्यावी, असे हल्ली ओळखीच्या अनेकांकडून ऐकू येते. ‘तिथे सायकली दिसतात कुठे?’ हा त्यांचा प्रश्न. पण याच रस्त्यावरील सीबीएस या मध्यवर्ती बसस्थानकाजवळ संध्याकाळी थांबून पाहावे: मार्गिकेवर दुचाकी लावलेल्या असतात आणि पाठीवर दप्तर घेतलेल्या एखाद्या मुलीला त्या चुकवत थेट बसच्या चाकालगत यावे लागते. सायकली दिसत नाहीत त्या यामुळे.

कॅनडातील ओंटारियो प्रांताने २०२४ मध्ये टोरांटोच्या ब्लूर, यंग आणि युनिव्हर्सिटी या रस्त्यांवरील सायकल मार्ग काढण्यासाठी कायदा केला. जुलै २०२५ मध्ये तेथील वरिष्ठ न्यायालयाने संबंधित तरतूद घटनाबाह्य ठरवली. मार्ग काढल्याने सायकलस्वारांच्या जिवाला असलेला धोका वाढेल, कोंडी मात्र कमी होणार नाही, असे पुराव्यांवरून दिसते, हा त्यामागचा मुख्य आधार होता. रस्ता रुंद केला की तो आणखी वाहनांनी भरतो, हे आपणही अनुभवतोच.

२०१५ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही लांब पल्ल्याची सायकल शर्यत पूर्ण करणारे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू नाशिकचे, याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. मात्र माझी काळजी कामगारांची आणि शाळकरी मुलांची आहे. त्यांच्यासाठी ही मार्गिका आधी मोकळी करावी, तिच्यावरील पार्किंगला नियमित दंड लावावा आणि ती गंगापूर रोडपर्यंत सलग न्यावी. काढण्याची चर्चा त्यानंतर करू.