उचल घेण्याआधी

मी बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या पट्ट्यातल्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. आमच्याकडं पटावरची मुलं आणि वर्गातली मुलं यांचा मेळ दिवाळीपर्यंतच बसतो. ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या की बाकं रिकामी होतात. आईबापाबरोबर गेलेली पोरं गुढीपाडव्याच्या सुमारास परततात. गावात हंगामी वसतिगृह चालतं, पण ते आठवीपर्यंत. शिक्षण हक्क कायदाही चौदाव्या वर्षाला थांबतो. दहावीची मुलगी मागं ठेवायची म्हटलं तर ठेवायची कुठं?

बरीच वर्षं मी चुकीच्या वेळी धावपळ केली. दसरा झाला की घरोघर जायचो, हात जोडायचो. मजूर नेणारा ठेकेदार म्हणजे मुकादम हंगामाआधीच आगाऊ मजुरी देतो, तिला उचल म्हणतात. एकदा एक बाप म्हणाला, "सर, उचल तर जूनमध्येच घेतली. अर्धी पत्र्यात गेली, अर्धी दवाखान्यात. आता घरी म्हातारी एकटी. वयात आलेली पोर तिच्या जिवावर कशी टाकू?" त्याचं काही चुकत नव्हतं. पोरगी कोपीवर (मजुरांच्या झोपडीवर) असली की स्वयंपाक, पाणी, धाकटी भावंडं ती बघते आणि नवरा-बायको दोघंही उसाच्या फडात उतरू शकतात. एक जण मागं राहिला की कोयता, म्हणजे तोडणारी जोडी, मोडतो, खाड्याचे (गैरहजेरीचे) पैसे कापले जातात. हे सगळं मुकादमाकडून पैसे घेताना ठरलेलं असतं. दसऱ्याला मी काय सांगणार होतो?

म्हणून २०२४ साली शाळा उघडताच मी दहावीच्या पटावर खुणा केल्या. कुणी उचल घेतली, कुणी घ्यायच्या बेतात आहे, कुणाच्या घरी थांबणारं माणूस आहे. पाच मुलींच्या घरी पोळ्याच्या आत तीन-तीन चकरा मारल्या. मुख्याध्यापक सोबत आले, पण खरं काम केलं गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या आशाताईंनी. आया माझ्यापुढं बोलत नव्हत्या, त्यांच्यापुढं बोलल्या. भीती अभ्यासाची नव्हती, रात्रीची होती. मग ठरलं की पाचही मुली एकाच आजीच्या घरी झोपतील, प्रत्येक घर आपल्या वाट्याचं धान्य देईल, आशाताई रोज रात्री डोकावतील आणि रविवारी रात्री मी माझ्या फोनवरून प्रत्येकीचं आईशी बोलणं करून देईन. हे सगळं कागदावर लिहून पालकांच्या सह्या-अंगठे घेतले.

बोर्डाचा फॉर्म हा दुसरा अडथळा. तो नेमका टोळ्या हलायच्या दिवसांत भरावा लागतो. दोघींची आधारवरची नावं शाळेच्या रजिस्टरशी जुळत नव्हती. एकीच्या बापाला आधार केंद्रावर दोनदा नेलं. तो फडावर गेल्यावर हे झालंच नसतं. 

मग अभ्यास. संध्याकाळी सहा ते साडेआठ एक वर्ग उघडा ठेवला. पहिल्या दिवशी पाचवी ते सातवीची दहा उदाहरणं दिली. एकीला उणे सात अधिक तीन जमलं नाही, अपूर्णांकांची बेरीजही नाही. ही मुलगी दहा वर्षं आमच्याच व्यवस्थेत शिकत होती, हे मला फार लागलं.

चार दिवसांनी मी तिला विचारलं, वडिलांची उचल किती? एक लाख. टनाला किती मिळतात? जानेवारी २०२४ मध्ये मजुरीत ३४ टक्के वाढ झाली होती, त्यामुळं ३६६ रुपये. कोयत्याला दिवसाला दोन टन धरू, किती दिवसांत फिटेल? तिनं वही उघडली नाही. "दोन टनाचे सातशे बत्तीस. शंभर दिवसांचे त्र्याहत्तर हजार दोनशे. राहिले सव्वीस हजार आठशे, म्हणजे अजून छत्तीस-सदतीस दिवस. साडेचार महिने, सर. खाडा पडला नाही तर."

मी फळ्यावर लिहिलं: ७३२ × क्ष = १,००,०००. ती बघत राहिली. त्याच्या खाली उणे एक लाख लिहिलं आणि दर दिवसाचे ७३२ त्यात मिळवत गेलो. "उचल म्हणजे उणे," ती म्हणाली. तिथून पुढं उणे संख्या तिला कधी अडल्या नाहीत. बाकीच्यांनाही मी फडावरूनच शिकवलं. मोळ्या, टन, वाढ्याचे (उसाच्या हिरव्या शेंड्यांचे) पैसे, कारखान्यापर्यंतचं अंतर. बीजगणिताला तीन आठवडे उशिरा हात घातला. तो उशीर परवडला, पाया नसताना पुढं जाणं परवडलं नसतं.

पाचव्या मुलीचं मात्र मला जमलं नाही. दिवाळीत तिची आई न्यायला आली, धाकटा आजारी होता. फोन लागायचा तोवर मी व्हॉट्सअॅपवर प्रश्न पाठवत राहिलो. जानेवारीत फोन लागेनासा झाला. परीक्षा २१ फेब्रुवारीला सुरू झाली, नेहमीपेक्षा लवकर. फडात तेव्हा तोड ऐन भरात होती. ती आली नाही. तिचं लग्न लावून दिल्याचं मला एप्रिलमध्ये कळलं. जोडपं झालं की नवा कोयता होतो, नवी उचल मिळते. मुलांसाठीच्या मदत क्रमांकाला, १०९८ ला, फोन करायची वेळ माझ्या हातून निघून गेली होती. तिचं हॉल तिकीट अजून माझ्या कपाटात आहे.

१३ मे २०२५ ला निकाल लागला. राज्याचा ९४.१० टक्के. त्या उरलेल्या टक्क्यांत आमची ती मुलगी मोजलेलीही नाही, कारण ती परीक्षेलाच बसली नव्हती. बाकी चौघी पास झाल्या. तोंडी हिशोब करणारीला गणितात ५८ मिळाले, आता ती अकरावीला आहे.

जुलैमध्ये तिचे वडील शाळेत आले. धाकटा मुलगा नववीत आहे. "मुकादम पैसे घेऊन आलाय. मी उद्या सांगतो म्हणालो. आधी तुम्हाला विचारायला आलो." मुलगा आजीजवळ राहू शकेल, पण आजीला मोतीबिंदूमुळं चूल पेटवताही येत नाही. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेऊन तिचे डोळे दाखवलेत, ऑपरेशन दसऱ्याआधी व्हायला हवं.