शीत, नुस्ते आणि शेवटचे चार किलो

८१ किलोवरून ७४ वर यायला मला फार काही करावे लागले नाही. कॅन्टीनमधली भाजी-पाव आणि मिरची भजी सुटली, संध्याकाळची बिअर फक्त शनिवारी राहिली, जिम सुरू झाली आणि वजन आपसूक उतरले. त्या सात किलोंबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. लिहायचे आहे ते ७४ वरून ७० पर्यंतच्या चार किलोंबद्दल. ते चरबीतूनच जायला हवे होते, दंड-मांड्यांतून नव्हे.

एवढा खटाटोप कशाला, असे घरात सगळ्यांनीच विचारले. कारण सरळ आहे. आमच्याकडे बाबांना मधुमेह, काकांना मधुमेह, आणि दोघेही कधी जाडे म्हणावेत असे नव्हते. हातपाय काटक्या आणि पोट तेवढे पुढे. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि डॉ. युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याचा शेजारी शेजारी उभा फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. त्यात २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआर-इंडियाबच्या पाहणीत मधुमेहाचे प्रमाण देशात सर्वाधिक आमच्या गोव्यात निघाले, २६.४ टक्के. आरशातले पोटही मनात होते, नाही कसे म्हणू. पण पुढे कंटाळा आला तेव्हा बाबांची इन्सुलिनची पेटी जास्त कामी आली.

हिशेब असा मांडला. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. ७४ किलोला माझे वजन २५०० च्या आसपास खाऊन स्थिर राहत होते. म्हणून २१०० वर आलो. रोजची ४०० ची तूट म्हणजे आठवड्याला साडेतीनशे-पावणेचारशे ग्रॅम. यापेक्षा घाई करायची नाही हे आधीच ठरवले होते. अंगावर चरबी भरपूर असते तेव्हा शरीर मोठी तूट सोसते. चरबी जसजशी कमी होते तसतसे ते स्नायू मोडायला लागते. आठवड्याला वजनाच्या अर्धा टक्का हा वेग मला मानवला. प्रथिने किलोमागे २ ग्रॅम धरली, म्हणजे दिवसाला १५० च्या आसपास.

आता हे गोव्यातल्या म्हार्दोळच्या घरात कसे बसवायचे? इथे दुपारी शीत-हुमण, म्हणजे भात आणि नारळ घातलेले मासळीचे कालवण, नसेल तर जेवण झाले असे कोणी मानत नाही. भात काट्यावर मोजायला लागलो तेव्हा कळले की मी एका वेळी चारशे ग्रॅम शिजलेला भात सहज संपवत होतो. तो दोनशेवर आणला, २६० कॅलरी. सकाळची उकड्या तांदळाची पेज ठेवली, वाटी लहान केली आणि सोबत अंडी आली. पोदेराची पोळी, म्हणजे पाववाल्याकडचा कोंड्याचा पाव, जिमच्या दिवशी एक. भाताने मुळीच त्रास दिला नाही. त्रास दिला नारळाने.

खवलेल्या ओल्या नारळात १०० ग्रॅमला ३५० कॅलरी असतात. आमच्या घरी हुमणात नारळ, भाजीवर नारळ, सोलकढीत नारळाचा रस, आणि तळणीला पुन्हा खोबरेल. सगळे मिळून माझ्या वाट्याला दिवसाला शंभर ग्रॅमच्या खाली जात नसेल. म्हणजे अख्खी तूट तिथेच भरून निघत होती. आईला सांगितले तेव्हा तिने पातेल्यात डाव ढवळत एवढेच विचारले, “सोय घालिनासतना हुमण कसलें रे?” सोय म्हणजे खवलेला नारळ. तिचेही बरोबर होते. मग मार्ग तिच्याच स्वयंपाकातून निघाला. आंबट-तिखाला नारळ लागत नाही. फुटी कढीलाही नाही. आमसुले, हिरवी मिरची, लसूण, हिंग, झाले. बांगडा रव्यात न घोळवता रेशाद मसाला भरून तव्यावर थेंबभर तेलात. आठवड्यातून दोनदा खरे हुमण, वाटी ठरलेली. घरात माझ्यासाठी वेगळा डबा शिजला नाही, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. उकडलेली कोंबडी आणि ब्रोकोली खाणारे जिममधले मित्र महिन्याभरात वैतागले. माझ्या ताटात तरी माणसाचे जेवण होते.

नुस्ते म्हणजे मासळी, आणि तिच्यासारखी सोय दुसरी नाही. सुंगटांत, म्हणजे कोळंबीत, १०० ग्रॅमला वीसच्या वर प्रथिने आणि कॅलरी जेमतेम शंभर. तिसऱ्या, माणकी, मोडसो, सगळे हलके. बांगडा-तारल्यात तेल जास्त, पण ते चांगले तेल. बाजारातली बाय मला ओळखायला लागली होती. तुकडे तळायला नकोत म्हटल्यावर मोठा बांगडा अख्खाच द्यायची. काजू मात्र घरातून हलवावे लागले. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम, १६५ कॅलरी. आणि आमच्याकडे काजू डब्यात नसतात, बरणीत असतात. ती बरणी वहिनीने आपल्या खोलीत नेली.

खरी पंचाईत जूनमध्ये झाली. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद. मिळते ती मासळी महाग, नाहीतर बर्फातली. तेव्हा अंडी, कोंबडी, घट्ट दही आणि सोयाबीनच्या वड्या यांवर भिस्त ठेवली. वड्यांत १०० ग्रॅमला पन्नासच्या वर प्रथिने असतात. चव यायची असेल तर आधी कडकडीत पाण्यात भिजवून नीट पिळायच्या आणि शागुतीच्या मसाल्यात, नारळ कमी करून, शिजवायच्या. सोमवारी-गुरुवारी त्या हमखास. सुकी मासळीही भरपूर खाल्ली. किसमूर खाल्ले की दुसऱ्या दिवशी काटा एक किलो वर. ते मिठाने धरलेले पाणी. म्हणून मी एका दिवसाच्या वजनाकडे पाहणे सोडले. रोज सकाळी वजन, आठवड्याची सरासरी, आणि रविवारी बेंबीवर टेप. घरच्या काट्यावर चरबीचे टक्केही दिसतात, पण ते पायातून वीज सोडून अंदाज काढतात. पाणी कमी-जास्त प्यायले तरी आकडा हलतो. टेप परवडली. सुरुवातीला बेंबीवर ८६ सेंटीमीटर होते.

जिममध्ये सगळ्यात जास्त वाद झाला. ‘कटिंग’ म्हणजे चरबी उतरवताना उचलायचे वजन हलके करा, रिपिटेशन वीस-पंचवीस मारा, असे तिथे प्रत्येक जण सांगतो. मला हे कधीच पटले नाही. जड वजन उचलावे लागते म्हणून शरीर स्नायू सांभाळते. ते कारणच काढून घेतले तर उपाशीपोटी ते स्नायू कशाला पोसेल? मी वजन तेच ठेवले, सेट कमी केले. स्क्वॉट ११० किलो, बेंच ८०, दोन्ही एका सेटला पाच-पाच वेळा. पूर्वी पाच सेट व्हायचे, आता तीन. वहीत आकडे टिकले की स्नायू टिकले असे धरून चाललो. बेंच शेवटपर्यंत टिकला, स्क्वॉट १०५ वर आला. पोटाचे व्यायाम करून पोटावरचीच चरबी जात नाही, हे मात्र किती जणांना सांगावे? फॅट बर्नरच्या गोळ्या आणि घाम काढणारे रबरी जाकीट यांवर पैसे घालवायचे असतील त्यांनी घालवावेत.

कुंडईच्या कारखान्यात माझी शिफ्ट ड्युटी. रात्रपाळीच्या आठवड्यात भूक वेगळीच असते, भातावरून उठवत नाही. शिकागो विद्यापीठात २०१० मध्ये झालेल्या छोट्या प्रयोगात तेवढ्याच कॅलरी दिलेल्या लोकांना साडेआठ तासांऐवजी साडेपाच तास झोपायला दिले, तेव्हा घटलेल्या वजनातला चरबीचा वाटा निम्म्याहून खाली आला आणि बाकीचे वजन चरबीशिवायच्या ऊतींतून गेले. माणसे दहाच, पण माझ्या वहीशी ते जुळत होते. म्हणून रात्रपाळीत तूट बंद. पूर्ण २४००-२५०० खायचे, दिवसा खिडकीला काळा पडदा लावून झोपायचे. पुन्हा सकाळपाळी आली की तूट सुरू. वेळ जास्त लागला. लागू दे.

७२ च्या खाली गेल्यावर डोके बदलते. पोट भरलेले असतानाही मनात खाणेच. कारखान्यातल्या लॅबच्या एसीत थंडी वाजायची, आणि तीही गोव्यात! घरी चिडचिड वाढली, नवरा-बायकोच्या गोष्टींतला रस उतरला. न कळत हालचाल कमी होते. जिन्याऐवजी लिफ्ट, बसलो की बसलोच. मोबाईल पावले मोजतो म्हणून कळले, आणि पाऊस असला तर पडवीत फेऱ्या मारून मी ती भरून काढू लागलो. रात्री मोबाईलवर बिर्याणी आणि बेबिंकाचे व्हिडिओ बघायचो. १९४४-४५ मध्ये मिनेसोटात आन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवले होते, तेव्हा तेही पाककृतींची पुस्तके वाचत बसायचे. ते वाचून बरे वाटले. ओळखीचे लोक मात्र रस्त्यात थांबवून विचारायचे, “कितें रे, बारीक जालो मरे तूं! दुयेंत आसा?” गोव्यात बारीक होणे हे आजाराचेच लक्षण.

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, सरळ सुट्टी घेतली. नेवऱ्या, पातोळ्या, खतखते, पाच-सहा दिवस वजन स्थिर राहील एवढे आणि थोडे वरच खाल्ले. काटा दीड किलो चढला. पण त्यात चरबी नावापुरतीच. स्नायूंत साठणारा प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजन तीनेक ग्रॅम पाणी सोबत आणतो. पुढच्या आठवड्यात ते निघून गेले, झोप सुधारली, आणि स्क्वॉट १०५ वरून परत १०७.५ झाला. अशी विश्रांती मला आणखी आधी घ्यायला आवडली असती, पण सण आपल्या सोयीने येत नाहीत.

मध्ये बायकोनेही हेच सुरू केले. तिच्यासाठी मात्र मर्यादा वेगळी ठेवली. पुरुषाला जगायला लागणारी किमान चरबी तीन टक्क्यांच्या आसपास, बाईला बाराच्या. त्याच्या जवळ जायचे कारणच नाही. पाळी लांबायला लागली की तूट थांबवायची, हे तिने आधी ठरवले आणि माझ्यापेक्षा शहाणपणाने पुरेशा अंतरावर थांबली.

७० ला पोहोचलो तेव्हा टेप ७८ वर होती आणि पोटाच्या वरच्या चार वड्या उजेडात दिसत होत्या. खालच्या दोन नाहीत. त्यांच्या मागे लागलो नाही. दर आठवड्याला शंभर-दीडशे कॅलरी वाढवत गेलो, आधी जिमच्या दिवशीचा भात, मग नारळ. आता वजन ७२ च्या आसपास फिरते, टेप ८० वर आणि स्क्वॉट परत ११० ला. उपाशीपोटीची साखर ९० च्या घरात आली आहे, पूर्वी १०८ होती.

पुन्हा कधी उतरायचे झाले तर सुरुवात दिवाळी आटोपल्यावर करीन. मासळी स्वस्त, पाऊस नाही, संध्याकाळी चालायला हवा बरी. मे महिन्यात मानकुराद आंबे असताना कोणी तूट सुरू करू नये.