हॅनोईचा पहिला दिवस, पाच लाखांचा पेरू आणि आम्ही चौघी

उत्तरायण झाल्याशिवाय बडोद्याचा माणूस गाव सोडत नाही, त्यामुळे पतंग, उंधियो, जिलबी सगळं रीतसर उरकलं आणि मग जानेवारीच्या शेवटच्या आठवड्याआधी कशीबशी रजा जमवून आम्ही चौघी निघालो. मी, अनघा, शिल्पा आणि हेतल. पहिल्या तिघी दांडिया बाजारच्या, हेतल गुजराती पण शाळेपासून आमच्यात असल्यामुळे तिचं मराठी आमच्या मुलांपेक्षा बरं आहे. नवरे-मुलं घरी ठेवून पहिल्यांदाच परदेशात, म्हणून हे सविस्तर लिहितेय, ज्यांना जायचंय त्यांना उपयोग होईल.

आधी व्हिसाचं सांगते कारण आमची ट्रिप तिथेच अडकणार होती. व्हिएतनामचा ई-व्हिसा घरबसल्या मिळतो, सिंगल एंट्रीचे २५ डॉलर, पण सरकारी साइटवरूनच करा, गूगलवर वर वर दिसणाऱ्या बऱ्याच साइट एजंटांच्या असतात आणि भरपूर जास्त पैसे घेतात. आणि आपली मराठी माणसांची खास भानगड म्हणजे पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचं नाहीतर नवऱ्याचं नाव पण असतं. अनघाने फॉर्म भरताना नुसतं "अनघा" आणि आडनाव टाकलं, मधलं नाव गाळलं. व्हिसा आला, आम्ही आनंदात, आणि मग शिल्पाने पासपोर्ट शेजारी ठेवून बघितलं तर नाव जुळेना. पुन्हा अर्ज, पुन्हा २५ डॉलर, पैसे परत वगैरे काही मिळत नाहीत. पासपोर्टवर जे अक्षर आहे तेच, तसंच टाका, आणि दोन-दोन प्रिंट काढून ठेवा.

अहमदाबादहून हॅनोईला थेट फ्लाइट आहे, रात्रीची. बडोद्याहून एक्सप्रेस वेने एअरपोर्टला दोन तास धरा, आम्ही तीन धरले कारण शिल्पाला "काही राहिलं तर" अशी भीती असते, आणि राहिलंच, तिचे चार्जर. हँडबॅगचं वजन मात्र घरीच करा, ७ किलो म्हणजे ७ किलो, काउंटरवर हेतलच्या बॅगेतून थेपले, लीलो चेवडो आणि भाकरवडी काढून आमच्या तिघींच्या पर्समध्ये वाटली गेली तेव्हा मागची लाइन हसत होती.

सकाळी उजाडता उजाडता उतरलो. तिकडचं घड्याळ आपल्या दीड तास पुढे. आणि थंडी! व्हिएतनाम म्हणजे गरम, अशी आमची पक्की समजूत, त्यामुळे बॅगेत कॉटनचे कुर्ते आणि गॉगल. दक्षिणेला गरम असतं हो, पण हॅनोई उत्तरेला आहे, जानेवारीत १५-१६ डिग्री, वरून ढगाळ आणि ती भुरभुर पावसाची ओल, आपल्यासारखं दुपारी ऊन पडून छान वाटेल म्हणाल तर ऊन दिसलंच नाही. एक बऱ्यापैकी जॅकेट न्याच. आणि अजून एक, जानेवारी-फेब्रुवारीत जाणार असाल तर त्यांच्या टेटच्या, म्हणजे नवीन वर्षाच्या तारखा आधी बघा, तेव्हा दुकानं-हॉटेलं बरीच बंद असतात आणि आख्खा देश प्रवासात असतो.

गावात जायला ८६ नंबरची केशरी बस आहे, स्वस्त आहे, पण चौघी आणि बॅगा म्हटल्यावर आम्ही ग्रॅब केली, म्हणजे तिकडची ॲपवरची टॅक्सी. ग्रॅबचं ॲप भारतातच टाकून नंबर व्हेरिफाय करून घ्या कारण ओटीपी आपल्या नंबरवर येतो आणि तिथे उतरल्यावर आपलं सिम चाललं नाही की बसा. बाहेर पडल्या पडल्या चार-पाच जण "टॅक्सी टॅक्सी" करत येतात, मान हलवायची आणि चालायचं, आपल्याला स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्यांची सवय आहेच.

रूम दुपारी दोनला. हे सगळ्यांना माहीत असतं तरी सकाळी सातला दारात उभं राहिल्यावर राग येतोच. बॅगा ठेवून घेतल्या, खालच्या बाथरूममध्ये तोंड धुवून आम्ही निघालो. ओल्ड क्वार्टरमध्ये घरं समोरून इतकी अरुंद की दोन स्कूटर उभ्या राहिल्या की दार भरलं, पण आत लांबच लांब, अगदी बडोद्याच्या पोळांमधल्या, म्हणजे जुन्या गल्ल्यांमधल्या घरांसारखी. गल्ल्यांची नावं पण धंद्यावरून, हांग बाक म्हणजे चांदीची, हांग मा म्हणजे कागदी वस्तूंची. अनघा म्हणाली घडियाळी पोळेतच आलोय, फक्त गाय नाहीये.

रस्ता ओलांडणं ही मात्र वेगळी कला आहे. मांडवीत गाडी चालवणाऱ्या बाईला कसली भीती, असं मी म्हणाले आणि पाच मिनिटं फुटपाथवरच उभी राहिले. स्कूटरचा पूर आहे नुसता. पळायचं नाही, मध्येच थांबायचं नाही, मागे तर अजिबात यायचं नाही, हळूहळू एकाच वेगाने चालत राहायचं, ते आपल्याला वळसा घालून जातात. एका आजीबाईच्या मागे मागे आम्ही चौघी रांगेने पार झालो.

आता खाण्याचं, कारण आमच्यातल्या दोघी शाकाहारी आणि हेतलला अंडंही नको. तिकडे शाकाहारीला शब्द आहे "चाय". खरंच. "आन चाय" म्हणजे शाकाहारी खाणं. आणि चहाला काय म्हणतात, तर हॅनोईत उच्चार "चा" असाच येतो, आपल्या घरी म्हणतो तसाच! आम्ही खूष. हेतल एका टपरीवर जाऊन ठसक्यात म्हणाली "चा", तर बाईने तिला शेगडीवरचं मटणासारखं काहीतरी दाखवलं. नंतर कळलं की तोच शब्द वेगळ्या सुरात म्हटला की भाजलेलं पोर्क. तेव्हा बोलायच्या भानगडीत न पडता फोनवर लिहिलेलं दाखवा. फोमधून, म्हणजे त्यांच्या नूडल्सच्या सूपमधून, मांस काढून देतील पण पाणी हाडांचंच असतं, आणि माशांचा सॉस कशातही असतो, त्यामुळे ज्या हॉटेलवर "चाय" लिहिलंय तिथेच बिनधास्त बसा, तशी बरीच आहेत. तिथली बरीच बौद्ध माणसं पौर्णिमा-अमावास्येला शाकाहार पाळतात, म्हणजे आपल्या उपवासासारखंच झालं की.

अंड्याची कॉफी मात्र आम्ही तिघींनी प्यायलीच. १९४६ मध्ये दुधाची टंचाई होती म्हणून एका हॉटेलातल्या माणसाने अंड्याचा बलक फेटून घातला, तेव्हापासून चालू. छोटा कप गरम पाण्याच्या वाडग्यात ठेवून देतात, वर पिवळा घट्ट फेस, वास बिलकुल नाही, खाली कडू कॉफी. चमच्याने आधी फेस खायचा. हेतलने नारळाची घेतली आणि तीच जास्त चांगली होती, पण हे तिला सांगितलं नाही.

मग होआन किएम तलाव. गावाच्या मधोमध, चारी बाजूंनी रस्ता, आम्हाला एकदम बडोद्याचा सूरसागर तलावच आठवला, फक्त महादेवाच्या जागी कासवाचा टॉवर. पंधराव्या शतकातल्या ले लोई राजाने चिन्यांना हाकललं, आणि ज्या तलवारीने हाकललं ती इथल्या कासवाने परत मागून घेतली अशी गोष्ट आहे. लाल लाकडी पुलावरून देवळात जाता येतं, खांदे-गुडघे झाकलेले हवेत. आत काचेत खरं कासव ठेवलंय, आमच्या डायनिंग टेबलाएवढं. शेवटचं जिवंत कासव २०१६ मध्ये गेलं म्हणे. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार रात्र तलावाभोवती गाड्या बंद असतात, जमल्यास तेव्हाच जा.

आणि आता नोटा. तिकडचं चलन डोंग, १ लाख डोंग म्हणजे साधारण सव्वातीनशे-साडेतीनशे रुपये, तीन शून्यं उडवा आणि सव्वातीन-साडेतीनने गुणा, झालं. डॉलर नेणार असाल तर कोऱ्या नोटा न्या, घडी पडलेली, पेनाची खूण असलेली घेत नाहीत. पण खरी गंमत अशी की सगळ्या नोटांवर त्यांचे नेते हो ची मिन्ह, आणि २० हजारची नोट निळी, ५ लाखाची पण निळी. मोठी जरा लांब आहे, पण एकटी हातात असली तर कुणाला कळतंय. कॉन्ट्रीचे, म्हणजे चौघींनी मिळून काढलेले पैसे हेतलकडे होते कारण ती बँकेत आहे, रोज नोटा मोजते.

रात्री रूमवर थेपले काढून हिशोबाला बसलो तर ४ लाख ८० हजार कमी. पर्स झटकल्या, पांघरुणं झटकली, अनघाने तर बूट पण झटकले. मग शिल्पाला आठवलं, तलावाजवळ सायकलवर टोपल्या लावलेल्या बाईकडून मिरची-मीठ लावून पेरू घेतले होते, २० हजारांचे, आणि तेव्हा अंधार पडत होता. त्या बाईने न बघताच नोट टोपीखाली सरकवली होती, म्हणजे तिलाही घरी गेल्यावरच कळलं असणार. सोळाशे रुपयांचे पेरू. तर बाबांनो, ५ लाखाच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवा, आणि निळी नोट देताना शून्यं मोठ्याने मोजा, लाज वाटली तरी.

हेतलने वहीत सरळ "पेरू – ५,००,०००" असं लिहिलं. मी म्हटलं अगं निदान "हरवले" लिही, तर नाही म्हणाली, हरवले कुठे, दिलेत, आणि चांगले होते पेरू.