कडी नसलेलं दार

जोधपूर ते सम, म्हणजे जैसलमेरच्या पुढचं वाळूच्या टेकड्यांचं गाव, हे अंतर साधारण ३२० किलोमीटर. रस्ता सपाट, वाटेत घाट एकही नाही. आंबोली चढून आलेल्या गोव्याच्या ड्रायव्हरला हा दिवस सुट्टीसारखा वाटतो. गेल्या मार्चमध्ये मात्र याच दिवशी आम्ही दोन तास उशिरा पोचलो आणि काळोख पडता पडता गाडी वाळूत रुतली. त्याचं कारण सकाळी आठ वाजताचं होतं. एका ढाब्यावर बायकांच्या संडासाला आतून कडी नव्हती.

पेडणे आणि डिचोलीकडची चौदा माणसं, ड्रायव्हर आणि सहल नेणारा मी, अशी सोळाजणांची टेम्पो ट्रॅव्हलर. गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीहून बांदा, आंबोली, आजरा करत संकेश्वरला ४८ नंबरचा हायवे धरला. मुक्काम पुणे, सुरत, पालनपूर आणि जोधपूर. दिवसाला चारशे-सव्वाचारशे किलोमीटरच्या वर मी जात नाही. १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू होता. तो ड्रायव्हरला दिवसाचे आठ तास आणि सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती सांगायचा. रजिस्टर बघायला कुणी येवो न येवो, मी तो हिशेब पाळतो. गोव्याहून निघताना आणखी एक काम असतं. गुजरातेत दारूबंदी आहे, त्यामुळे कुणाच्या बॅगेत फेणीची बाटली नाही ना, हे पत्रादेवीच्या अलीकडेच विचारून घ्यायचं.

पाण्याचा हिशेब माणशी पाच लिटर, फक्त पिण्याचं. सोळा माणसांना वीस लिटरचे चार जार. शिवाय प्रत्येकाला एक लिटरची बाटली, तिच्यावर औषधाच्या दुकानातली चिकटपट्टी आणि पट्टीवर नाव. बाटली गाडीतच भरायची, म्हणजे कोण किती प्यालं ते कळतं.

एवढी काळजी का, ते गोव्यातल्या माणसाला समजावून सांगावं लागतं. आपल्याकडे घाम अंगावर राहतो, शर्ट पाठीला चिकटतो, माणूस आपणहून पाणी मागतो. थरच्या वाळवंटातली हवा इतकी कोरडी की घाम आला तसा उडून जातो. कातडी हाताला कोरडी लागते आणि माणसाला वाटतं, आज घामच नाही. त्यात गाडीत एसी. बाहेर ३६ अंश असताना तीन-चार तास तहान न लागता जातात, आणि तेवढ्या वेळात अंगातलं पाणी आणि मीठ दोन्ही खाली आलेलं असतं.

साडेसहाला जोधपूर सोडलं. हॉटेलचा नाश्ता आठशिवाय मिळत नव्हता, म्हणून आदल्या रात्रीच पराठे आणि दही बांधून द्यायला सांगितलं होतं. जोधपुरात मिरची वडा खायचा तो आदल्या संध्याकाळी. लांबच्या प्रवासाच्या सकाळी तळलेलं पोटात गेलं की दहा वाजता दोघे-तिघे तरी छातीवर हात ठेवतात. आठला बालेसरच्या पुढे चहा, सव्वानऊला देचूला पेट्रोल पंप, साडेदहाला पोकरण. १९७४ आणि १९९८ च्या अणुचाचण्यांमुळे पोकरण सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे गाडीत त्यावर गप्पा रंगल्या. प्रत्येक थांब्यावर मी विचारत होतो, ‘पाणी पिताय ना?’ सगळे मान हलवत होते.

पोकरण सोडून तासभर झाला असेल. मधल्या सीटवरच्या एक मावशी, वय सत्तरच्या आसपास, पोटरी धरून कण्हू लागल्या. पायात गोळे आले होते, डोकं दुखत होतं, ओठ सुकलेले. मी त्यांची बाटली उचलली. चिकटपट्टीवर त्यांचं नाव, झाकणाचं सील तसंच, पाणी गळ्यापर्यंत. सकाळपासून दोन कप चहा, बस. हळूच विचारल्यावर त्यांच्या सुनेने सांगितलं. बालेसरला मावशी संडासाच्या दारातूनच परत आल्या होत्या, कारण कडी नव्हती. देचूच्या पंपावर पुरुषांची रांग होती म्हणून उतरल्याच नाहीत. मग पाणी प्यायचंच नाही, असं त्यांनी ठरवलं. वर सकाळी बीपीची गोळी घेतलेली, आणि ती लघवी वाढवणारी.

लाठीच्या आसपास जेवणाचा ढाबा ठरलेलाच होता. तिथे सावलीतल्या खाटेवर मावशींना आडवं केलं, पायांखाली दोन उशा. ओला टॉवेल मानेवर आणि काखेत. गोव्यात ओला टॉवेल नुसता कोमट होतो. कोरड्या हवेत त्यातलं पाणी झपाट्याने उडतं आणि अंग खरोखर थंड होतं. ओआरएसचं, म्हणजे जलसंजीवनीचं, पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घालायचं, अर्ध्या ग्लासात नाही. पाकीट नसेल तर एक लिटरला साखर सहा चमचे आणि मीठ अर्धा चमचा, चमचा चहाचा, सपाट. गटागट प्यायला दिलं तर उलटून पडतं, म्हणून दर दोन-तीन मिनिटांनी दोन घोट. बीपीच्या माणसाला मीठ देताना विचारलेलं बरं, म्हणून म्हापशाच्या त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी ओआरएस चालू ठेवा आणि संध्याकाळी बीपी मोजून घ्या, असं सांगितलं.

ढाब्यावर थांबायचं की दवाखाना गाठायचा, याची माझी फूटपट्टी ठरलेली आहे. उलट्या, बोलण्यात गोंधळ, किंवा अंग भाजल्यासारखं तापलेलं, यातलं एक जरी दिसलं तरी थांबायचं नाही. मावशींना मी आज वार कुठला आणि घरी गाय कोण बघतंय ते विचारलं. दोन्ही उत्तरं बरोबर आली. दीड तासाने त्या लघवीला जाऊन आल्या. सुनेने सांगितलेला रंग गर्द पिवळा होता, म्हणजे अजून पाणी हवं. दुसरी बाटली सुरू केली.

बाकीचे तोवर जेवले. दाल-बाटी आयत्या वेळी मागू नये. बाटी गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात, चौदा माणसांना तासभर सहज लागतो, म्हणून मी पोकरणहूनच फोन करतो. खरं तर दुपारी मी बाटीच्या विरोधात आहे. तुपात बुडवलेली बाटी खाऊन पुढे उन्हात बसणं जड जातं. दुपारी फुलके, केर-सांगरी, दही आणि मोठा ग्लासभर मिठाची छाछ, बाटी-चुरमा रात्री. केर म्हणजे काटेरी झुडपाची छोटी फळं, सांगरी म्हणजे खेजडीच्या झाडाच्या वाळवलेल्या शेंगा. शेंगा नीट भिजवलेल्या नसल्या तर दाताखाली काथ्यासारख्या लागतात, तेव्हा आधी एक चमचा मागून चव घ्यावी. आमच्यातल्या एकांनी सुक्या सुंगटांच्या, म्हणजे कोळंबीच्या, किसमुरीची बरणी काढली, ती मला बंद करायला लावावी लागली. या पट्ट्यातले बरेच ढाबे शुद्ध शाकाहारी असतात आणि त्यांच्या ताटात आपलं सुकं चालत नाही.

पावणेतीनला निघालो. जैसलमेरला मावशींचं बीपी तपासून घेतलं, ठीक होतं. त्यात तास गेला. गडीसर तलाव रद्द. सहा वाजता समचा रस्ता धरला, तेव्हा कळलंच की उंटावरून सूर्यास्त आता मिळणार नाही. मार्चमध्ये तिथे सूर्य सातच्या सुमाराला मावळतो, आणि आम्ही कॅम्पच्या वळणाला पोचलो तेच सात वाजता.

कॅम्पकडे जाणाऱ्या अरुंद डांबरावर वाळू आलेली असते. उजेडात डांबराची कड दिसते, संधिप्रकाशात वाळू आणि डांबर एकच. समोरून जीप आली, ड्रायव्हरने आपल्याकडच्या सवयीने डावीकडे घेतलं आणि मागचं डावं चाक बसलं. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला जांभ्याची कडक जमीन असते, तिथे चाक उतरलं तरी काही होत नाही. इथे कड सोडली की गाडी गेली.

अशा वेळी ॲक्सिलरेटर दाबणं ही सगळ्यात मोठी चूक. चाक जागच्या जागी फिरतं, खड्डा खणतं आणि गाडी पोटावर बसते. ड्रायव्हरने लगेच इंजिन बंद केलं. माणसं उतरवली, चाकाच्या मागची-पुढची वाळू फावड्याने उतरती काढली. मागच्या टायरमधली साधारण एक तृतीयांश हवा सोडली, म्हणजे टायर पसरतो आणि वाळूवर तरंगतो. चाकाखाली काथ्याची दोन जाड पायपुसणी घातली. डिकीत ती यासाठीच असतात. मग ज्या चाकोरीने गाडी आली त्याच चाकोरीने रिव्हर्स, क्लच हळू सोडत. दुसऱ्या प्रयत्नाला गाडी डांबरावर आली. कमी हवेवर भरलेली गाडी हायवेला नेली तर टायर तापून फुटतो, म्हणून कॅम्पवर लगेच बारा व्होल्टच्या पंपाने हवा भरली. सकाळी टायर थंड असताना दारावरच्या पट्टीतल्या आकड्याशी दाब पुन्हा ताडून पाहिला.

रात्री कॅम्पच्या आचाऱ्याला आम्ही आणलेला उकडा तांदूळ दिला. भरपूर पाण्यात, बोटाने चिरडेल इतका शिजव, मीठ घाल, पाणी काढू नको, एवढंच सांगितलं. मावशी दोन वाट्या पेज मिठातल्या तोरांबरोबर, म्हणजे कोवळ्या कैऱ्यांबरोबर, जेवल्या.

तंबूत बसून मी दुसऱ्या दिवसाचा कागद बदलला. पुढचा टप्पा तनोट, सीमेजवळचं देवीचं ठिकाण. ते जैसलमेरहून सुमारे १२० किलोमीटर, मध्ये रामगढ ६० वर. आधी त्या कागदावर किलोमीटर आणि जेवण एवढंच असायचं. आता प्रत्येक थांब्यापुढे संडासाचा रकाना आला. गाडी थांबली की इंजिन चालू ठेवायचं, ग्रुपमधली एक बाई आधी जाऊन कडी, पाणी आणि उजेड बघून येणार, मगच बाकीच्या उतरणार. ठीक नसेल तर पुढचा पंप. पंपावर स्वच्छतागृह मोफत देणं बंधनकारक आहे, तेव्हा किल्ली मागायला संकोच करायचा नाही. डिकीत बादली, मग, साबण, नायलॉनची दोरी आणि एक जाड चादर. दोरी आतून दाराला बांधायला, आणि दारच नसेल तर चादर धरायला दोघीजणी. पहिली तपासणी कोण करणार म्हणून विचारलं, तेव्हा मावशींच्या सुनेने हात वर केला.